मोरेश्वर नाखव्याची दुसरी मशीन

मोरेश्वर नाखवा कुठलीही वस्तू घेताना ती चालते कशी हे विचारत नाही. ती बंद कशी पडते, हे विचारतो.

छताचा पंखा घ्यायला गेला, तेव्हा दुकानातल्या पोराने वाऱ्याचा वेग, विजेची बचत आणि पात्यांचा रंग असं सगळं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. नाखव्याने हात वर करून त्याला थांबवलं. "वारा मना फुकट मिलतो रे. ह्यो बंद कसा परतो ते सांग. हलूहलू परतो का झटक्यात? आनि परल्यावर वरच ऱ्हातो ना?" पोराने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, आमचा पंखा बंदच पडत नाही. नाखवा उठून चालता झाला. बंद न पडणारी वस्तू विकणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाहीतर त्याने ती वस्तू कधी वापरलेली नसते, असं त्याचं मत आहे. या एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे. बाकी फारशा बाबतींत नाही.

मुलीचं लग्न ठरवतानाही त्याने मुलगा किती शिकलाय, किती कमावतो यातलं काही विचारलं नाही म्हणे. "रागावल्यावर काय करतं?" एवढंच विचारलं. मुलाकडची मंडळी आपसात कुजबुजली. शेवटी मुलाची आई म्हणाली, "जेवत नाय."

"किती येल?"

"एक येल. दुसऱ्या येलंला बसतो."

लग्न ठरलं. चौदा वर्षं झाली, अजून टिकून आहे. नाखवा हा पुरावा म्हणून सांगतो.

आता माझं. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं मागवायची, तक्ता करायचा, सगळ्यात योग्य माल कुठला ते लिहायचं आणि साहेबांनी चौथ्याच ठिकाणाहून घेतलेला माल उतरवून घ्यायचा, हे मी बावीस वर्षं करतो आहे. मूळ जालन्याकडचा. आमच्या गावच्या नदीत चार महिने पाणी असतं, आठ महिने क्रिकेट. मला पोहता येत नाही. वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे लागते. त्यातली तीन मिनिटं मी डोळे मिटून काढतो. अशा माणसाला मच्छीमार होडीची मोटर निवडण्यासाठी सल्लागार नेमण्याची कल्पना नाखव्याची. ती ऐकून माझी बायको सुनीता दोन दिवस हसत होती.

या नेमणुकीचं मूळ आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात आहे. नाखव्याची बायको चंद्राबाई वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकते. एका रविवारी तिच्याकडून आणलेली कोळंबी मी घरी मोजली, तर साठ ग्रॅम जास्त भरली. मी परत गेलो आणि तसं सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कमी भरली म्हनून भांडाय येनारे रोज येतान. जास्ती भरली म्हनून आलेला तू पयलाच." शेजारच्या चार बायका सुऱ्या खाली ठेवून हसल्या. त्याच संध्याकाळी एक रापलेला, बुटका, साठी ओलांडलेला माणूस आमच्या दारात उभा होता. डोक्यावर लाल टोपी, हातात पापलेटं.

"तुमीच मापता ना?" तो म्हणाला. "मना एक मशीन मापून पायजे."

प्रकरण असं होतं. नाखव्याची होडी सव्वीस फुटी, फायबरची. पोटात डिझेलचं इंजिन. दोन खलाशी होते, ते गावी गेले ते तिकडेच कुठे चिकटले. नवे मिळेनात. मुलगी सासरी. मग गेल्या वर्षापासून चंद्राबाई स्वतः होडीवर जाऊ लागली. कोळीवाड्यात हे चालत नाही. मासळी आणायची पुरुषाने, विकायची बाईने, ही वाटणी ठरलेली आहे आणि माझ्या कंपनीतल्या विभागांपेक्षा ती बरीच चांगली चालते. पण चंद्राबाई गेली. बंदरावरचे लोक चार दिवस हसले, पाचव्या दिवशी दमले.

फेब्रुवारीत एका सकाळी मढच्या पुढे इंजिन बंद पडलं. सात तास दोघं वाहत होती. दुपारी दुसऱ्या एका होडीने दोर टाकून त्यांना ओढत आणलं. इथे एक बारकावा सांगायला हवा. चंद्राबाई नवऱ्याला जमिनीवर 'तुमी' म्हणते आणि पाण्यावर 'तू'. त्या दिवशी ती बंदरावर, कोरड्या जागी, दहा माणसांत उभी राहून म्हणाली, "दुसरी मशीन लागल्याबिगर मी चढनार नाय. आनि मी नाय तं तू पन नाय. पुनवेपरत लागली नाय तं होरी इकायची."

पुनव म्हणजे नारळी पौर्णिमा. पावसातली मासेमारीची बंदी उठली, नारळ सोडला, की होड्या पुन्हा बाहेर पडतात. मढच्या एका दलालाने हे वाक्य ऐकलं आणि तो तेव्हापासून दर आठवड्याला नाखव्याची खुशाली विचारायला येऊ लागला. अशी माया मी नातेवाइकांत पाहिलेली नाही.

होडी विकल्यावर हा माणूस दिवसभर काय करेल, याची झलक मला बंदीच्या दोन महिन्यांत मिळाली. तो रोज सकाळी आमच्या सोसायटीत यायचा आणि मी कामाला निघेपर्यंत लिफ्टसमोर उभा राहायचा. लिफ्ट मध्येच थांबली तर दरवाजा आतून उघडतो का बाहेरून, हे त्याने वॉचमनला इतक्या वेळा विचारलं, की वॉचमन जिन्याने ये-जा करू लागला. चौदाव्या वर्षापासून रोज पाण्यावर गेलेला माणूस. त्याला जमिनीवर ठेवणं म्हणजे इमारतीतल्या साठ कुटुंबांना शिक्षा होती.

तर मला मोटर मापायची होती. होडीच्या मागच्या फळीवर शिकंजा लावून अडकवायची, पेट्रोलवर चालणारी, छोटी. मुख्य इंजिन दगा देईल तेव्हा घरी आणण्यापुरती. मी काम पद्धतशीर हातात घेतलं. मागच्या फळीची उंची टेप लावून तीन ठिकाणी मोजली: साडेएकोणीस इंच. म्हणजे लांब दांड्याची मोटर हवी, आखूड दांड्याची घेतली तर पंखा अर्धा हवेतच फिरेल. मग सात मोटरींचा चौदा रकान्यांचा तक्ता केला. ताकद, वजन, दांडा, तासाला पेट्रोल, पंख्याचा घेर, सुटे भाग मिळण्याचं ठिकाण. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर खेचतं, त्याविरुद्ध भरलेली होडी आत आणायची तर दहा अश्वशक्तीची चार-स्ट्रोक मोटर योग्य, असा निष्कर्ष खाली सही करून लिहिला. कंपनीत असा तक्ता कोणी केला असता तर त्याला बढती मिळाली असती. मला नाही, पण कोणाला तरी.

नाखव्याने तक्ता खालून वर वाचला. "अक्षर चांगला हाय," म्हणाला.

पहिली खेप घाटकोपरला. नाखव्याने मागच्या फळीच्या मापाचा प्लायवूडचा तुकडा कापून बरोबर घेतला होता, कारण कागदावर लिहिलेल्या साडेएकोणीस इंचांवर त्याचा विश्वास नव्हता. मेट्रोच्या तपासणीत शिपायाने विचारलं, हे काय आहे. नाखवा म्हणाला, "होरीची पाठ." शिपायाने माझ्याकडे बघितलं. मी सुशिक्षित दिसतो, म्हणून अशा वेळी लोक माझ्याकडे बघतात. मी म्हणालो, होडीची पाठच आहे. आम्हाला सोडण्यात आलं, पण वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत आमच्या आजूबाजूची माणसं जरा लांब उभी होती.

दुकानाच्या मागच्या अंगणात निळ्या पिंपात पाणी भरून मोटरी चालवून दाखवत. दुकानदार चाळिशीतला, उत्साही गृहस्थ. त्याने दहाची मोटर पिंपावर अडकवली, दोरी एकदा ओढली, मोटर सुरू झाली. "मख्खन," तो म्हणाला.

"बंद कर," नाखवा म्हणाला. मग त्याने कोपऱ्यातला प्लास्टिकचा क्रेट ओढला, पालथा घातला, त्यावर बसला आणि डाव्या हाताने दोरी धरली.

"काका, उभं राहून ओढा. एक पाय टेकवा, उजव्या हाताने."

"उभा ऱ्हायला जमला नाय तं?"

"उजव्या हाताला काय झालंय?"

"काय नाय झाला."

त्याने बसल्या बसल्या डाव्या हाताने, खांदा न उचलता, नुसत्या कोपराच्या जोरावर दोरी ओढली. मोटर खोकली. पुन्हा ओढली, पुन्हा खोकली. सहाव्या वेळी दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, काकांना बरं आहे ना. मी म्हणालो, हे त्यांचं बरं असतानाचं आहे.

"करक हाय," नाखव्याने निकाल दिला. म्हणजे दोरी कडक आहे. माझे चौदा रकाने एका शब्दात निकालात.

मग लाल दोरीचं प्रकरण. या मोटरींना एक लाल गुंडाळलेली दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याने मनगटाला बांधायचं, दुसऱ्या टोकाची क्लिप मोटरीत बसवायची. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि मोटर आपोआप बंद होते. दुकानदाराने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. हा आपल्याला एकदाचा योग्य प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस भेटला, अशा नजरेने नाखवा ऐकत होता.

"मानूस परला. किलिप त्याच्या हाताला. तो गेला पान्यात. आता मशीन चालू कशी करायची?"

"त्याने पोहत यायचं, क्लिप लावायची."

"आनि नाय आला तं?"

दुकानातले तिघं हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो. दुकानदार म्हणाला, "काका, जादा क्लिप मिळते ना. ती होडीत ठेवा." नाखवा हसला नाही. त्याने जादा क्लिप मागून घेतली, तळहातावर ठेवून बघितली आणि ती कुठल्या रंगात मिळते हे विचारलं. फक्त लाल. मग तो म्हणाला, चालंल.

पुढचे चार महिने असेच गेले. बटणावर सुरू होणारी मोटर मी सुचवली. "बॅटरी बसली का दोरीच ना?" हे खरं होतं. आठची दोन-स्ट्रोक हलकी होती, दोरीही मऊ, पण तिला आधी तेल मिसळा, मग चोक ओढा, मग पंप दाबा, मग चोक अर्धा आत ढकला, अशी पूजा होती. नाखव्याने मेकॅनिकला ती एकदा सांगायला लावली. मेकॅनिक दुसऱ्यांदा सांगू लागला तसं त्याला अडवलं. "दुसऱ्यांदा पान्यावर कोन सांगनार?" आणि उठला. देवनारच्या बाजूला जुन्या मोटरी विकणाऱ्या एकाकडे गेलो, तर तिथल्या मोटरीला झाकणच नव्हतं आणि ती सुरू करायला गुडघ्याने दणका द्यावा लागत होता. विकणारा म्हणाला, "आदत पड जायेगा." नाखव्याने डाव्या गुडघ्याने दोनदा प्रयत्न केला, मग मान हलवली. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा शर्टाला ग्रीस होतं आणि सुनीताने मला दारातच विचारलं, मोटर बसवताय की खाताय.

बंदरावरचे तज्ज्ञही स्वस्थ नव्हते. वर्सोव्याच्या बंदरावर तुम्ही कुठलाही प्रश्न जरा मोठ्याने विचारला तर चार उत्तरं मिळतात आणि चौघांचं मिळून एक भांडण. एकाने पंधरा अश्वशक्तीखाली घेऊच नको म्हटलं. त्याची स्वतःची होडी तीन वर्षं काठावर पालथी आहे. दुसऱ्याने मोबाईलवर परदेशातल्या तळ्यात फिरणारी मोटर दाखवली. तिसरा म्हणाला, "नाखव्याला घ्यायचीच नाय. म्हातारी थकंल आनि चढंल, म्हनून टंगळमंगळ चाललीय." यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या बंदरावर मी पाहिलेलं ते एकमेव एकमत. मला ते पटलं, हेही लिहून ठेवतो.

पुनवेला सहा दिवस राहिले असताना मी बंदरावर गेलो, तर मढचा दलाल टेप घेऊन नाखव्याची होडी मोजत होता. त्याच्याबरोबर एक गिऱ्हाईक. नाखवा शेजारी जाळ्यावर बसून सुतळी गुंडाळत होता, जणू होडी दुसऱ्याची. चंद्राबाई लांब, मासळी सुकवायच्या परातीपाशी पाठ करून उभी होती. पावसाळ्यात सुकवायला काहीच नसतं. तरी ती परात पुसत होती.

माझा संयम सुटला. "नाखवा, इतक्या मोटरी बघितल्या. तुम्हाला नक्की काय हवंय ते तरी सांगा. चौदा रकाने आहेत, पंधरावा घालतो."

"सहाची बगू," तो सुतळीकडे बघत म्हणाला.

सहा अश्वशक्ती माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली होती. मी बोटावर हिशेब करून दाखवला. सहाची मोटर ही होडी शांत पाण्यात ताशी चार मैल ढकलेल. ओहोटी खाडीच्या तोंडाशी ताशी तीन मैल बाहेर खेचते. उरला एक.

"एक मैल पुडं ना? मागं नाय ना?"

"पुढे. पण तासाला एक."

"मंग पोचंल ना घरा," नाखवा म्हणाला. "घाई कोनाला हाय."

दोन दिवसांनी घाटकोपरच्या दुकानाचा मेकॅनिक सहाची मोटर घेऊन आला, मागच्या फळीवर शिकंजा आवळला आणि कशी सुरू करायची ते सांगितलं. नाखव्याने चंद्राबाईला बोलावून आणलं होतं. पाहायला, म्हणाला. ती हात कमरेवर ठेवून ऐकत होती. मेकॅनिकने एकदा सांगितलं, नाखव्याने त्याला चहा प्यायला पाठवलं.

"चल, चढ," तो बायकोला म्हणाला. "खारीतच. धा मिनटा."

"मी बोललेली चढनार नाय."

"मशीन लागली ना. आता तुजी शपत फिटली."

ती माझ्याकडे वळली. "सायेब येतो तं येते. ह्ये लबाड हायत, खारीच्या भायेर नेतील." अशा रीतीने माझ्या सचोटीपायी मी जीवरक्षक जाकीट घालून, दोन्ही हातांनी फळी धरून, ओहोटीच्या वेळी खाडीत होतो. ओहोटीची वेळ नाखव्याने मुद्दाम निवडली होती. मी त्याला भरतीची सुचवली होती.

डिझेलच्या इंजिनावर आम्ही मधोमध आलो. नाखव्याने मोटरीची लाल दोरी स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधलेली होती. त्याने डिझेल बंद केलं. एकदम शांतता झाली आणि होडी हळूच खाडीच्या तोंडाच्या दिशेने सरकू लागली. मग त्याने जाळं नीट पसरलं, त्यावर आडवा झाला आणि लाल टोपी तोंडावर ओढली.

"हां," तो टोपीखालून म्हणाला. "मी नाय असा समज."

"काय?"

"मी नाय. तू हायस आनि होरी हाय."

"आनि हा सायेब?"

"सायेब पन नाय."

मला आयुष्यात बऱ्याच बैठकांत हिशेबात धरलेलं नाही, पण इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितलं नव्हतं.

चंद्राबाई कडाडली. "उठ. मेल्या, थट्टा करतंस? पानी भायेर खेचताय, उठ तू." पाण्यावर होती, म्हणजे 'तू' नियमाप्रमाणेच होतं. नाखवा हलला नाही. काठावरचे खांब एकामागून एक मागे जाऊ लागले. मी घड्याळ लावलं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन खांबांत एक मिनिट दहा सेकंद.

ती पाच मिनिटं बोलली. त्यात नाखव्याचे आईवडील, त्याची अक्कल, मोटर आणि मी, असे सगळे आलो. मग तिने पदर खोचला आणि मोटरीपाशी जाऊन खाली बसली. बसलीच, कारण त्या मागच्या कोपऱ्यात उभं राहायला जागा नाही. उजवा हात वर नेऊ लागली आणि अर्ध्यावर थांबली. तिचा उजवा खांदा छातीच्या वर जात नाही. पन्नास वर्षं डोक्यावर पाटी चढवली-उतरवलेला खांदा. बाजारात मी तिच्याकडून दर रविवारी मासळी घेतो, हे मला एकदाही दिसलं नव्हतं. तिने डाव्या हाताने दोरी धरली, कोपराने ओढली.

माझा तक्ता माझ्या खिशात होता. चौदा रकाने.

दोरी मऊ होती, सहज आली. पण मोटर सुरू झाली नाही. पुन्हा. पुन्हा. मला कारण दिसत होतं: क्लिप लावलेली नव्हती. ती नाखव्याच्या मनगटाला होती. मी तोंड उघडलं, तर टोपीखालून आवाज आला, "सायेब."

मी पुन्हा खांबांकडे बघू लागलो.

तिलाही दिसलं. ती वाकली आणि त्याच्या हाताला बांधलेली लाल दोरी धरली. नाखव्याने हात ओढून अंगाखाली घेतला.

"ती नाय मिलत," तो म्हणाला. "ती गेली पान्यात."

चंद्राबाई तशीच वाकलेली राहिली. ती टोपीकडे बघत होती. टोपीखाली चेहरा होता, पण तो दिसत नव्हता. होडी सरकतच होती आणि खाडीच्या तोंडाची पहिली लाट आमच्या खालून गेली. मी दिवाळीतल्या पहिल्या अभ्यंगस्नानापासूनचं माझं सगळं आयुष्य आठवून घेतलं. गेल्या हिवाळ्यात अँजिओप्लास्टी करून नाखव्याच्या छातीत स्प्रिंग बसवली होती, हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर तो एवढंच बोलायचा, की आता लोखंड आपल्याकडे पण हाय. डॉक्टरलाही त्याने म्हणे त्याचा नेहमीचाच प्रश्न विचारला होता. डॉक्टरने काय उत्तर दिलं ते तो कोणाला सांगत नाही.

तिने पदराने तोंड पुसलं आणि शोधायला लागली. बाकाखाली, डाव्या बाजूला, बसलेल्या बाईचा डावा हात न वाकता पोचेल अशा उंचीवर एक खिळा मारलेला होता. त्यावर निळ्या नायलॉनच्या दोरीने जादा क्लिप टांगलेली होती. तिने ती काढली, लावली, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. छोटा, शिलाई मशीनसारखा आवाज.

होडी वळायला तयार नव्हती. बराच वेळ वाटलं, आपण जागच्या जागीच आहोत. मी खांब बघत होतो. मग एक खांब, जो मघाशी मागे गेला होता, अगदी सावकाश पुन्हा शेजारी आला. मी घड्याळ बघितलं. माझा हिशेब चुकला होता. एका मैलालाही कमी पडत होतं. पण पुढे. मागे नाही.

यायला पाऊण तास लागला. जायला बारा मिनिटं लागली होती. चंद्राबाई सुकाणूचा दांडा डाव्या काखेत धरून समोर बघत बसली होती. मी एकदा नाखव्याकडे बघितलं. अंगाखालून निघालेला त्याचा हात जाळं धरून होता आणि बोटं पांढरी पडली होती. उठायची इच्छा होणाऱ्या माणसाचा तो हात होता. तो उठला नाही.

बंदरावर चहा पिऊन आलेल्या मेकॅनिकने दोर झेलला. तज्ज्ञ मंडळी जमली होती. चंद्राबाईने मोटर बंद केली, क्लिप काढली, होती तशी खिळ्यावर टांगली. काठावर उतरताना कोणीतरी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. वर जाऊन नळाखाली पाय धुतले. मढच्या दलालाने काहीतरी विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली. तो टेप खिशात घालून निघाला. मग ती नळापाशीच उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून, पाणी चालूच ठेवून.

मी जाकिटाचे पट्टे सोडत होतो. नाखवा अजून जाळ्यावर आडवा होता, टोपी तोंडावर.

"सायेब," तो हळू आवाजात म्हणाला. "चंद्री उतरली का?"

"उतरल्या."

"नीट?"

"नीट."

तेव्हा कुठे तो उठून बसला.